गंज, ताडपत्री आणि आजोबांची पिकअप

मंडळी, आधीच कबूल करते. माझं शिक्षण पहिलीपासून कॉन्व्हेंटमध्ये झालं. घरी मराठी, शाळेत इंग्लिश, आणि दोन्हीकडे "हिचं काही खरं नाही" असा शेरा! त्यामुळे संपादकांनी मराठी विभागासाठी लेख मागितला तेव्हा पहिला विचार आला, इंग्लिशमध्ये लिहून कोणाकडून तरी करून घ्यावा. पण विषय ठरला आणि लक्षात आलं की हा विषय मला इंग्लिशमध्ये येतच नाही. हौदा, फाळका, घोडी, पान्हा, लांबी हे सगळे शब्द मी आमच्या गावच्या मिस्त्रींकडून शिकले. म्हणून हा लेख मराठीत. शुद्धलेखनाच्या चुका संपादकांनी काढल्या असतील, उरलेल्या माझ्या.

विषय असा : गंजून उभी असलेली जुनी पिकअप घरच्या घरी पुन्हा चालती कशी करायची. "गॅरेज नाही, लिफ्ट नाही, पैसे तर नाहीतच" अशा लोकांसाठी. म्हणजे आपल्यासाठीच.

गाडी कोणती?

आमचं गाव देवगड तालुक्यात. आजोबांची हापूसची कलमं आहेत. त्यांच्याकडे १९७१ सालची महिंद्रा एफसी-१६० आहे. एफसी म्हणजे फॉरवर्ड कंट्रोल. जीपचीच बहीण, पण हिला पुढे बॉनेट नाही. ड्रायव्हर थेट पुढच्या चाकांवर बसतो आणि इंजिन दोन सीटच्या मध्ये एका झाकणाखाली असतं. त्यामुळे गाडीची लांबी तेवढीच ठेवून मागे हौदा मोठा मिळतो. मूळ आराखडा अमेरिकेतल्या विलिज कंपनीचा, डिझाइन ब्रूक्स स्टीव्हन्स यांचं. तिकडे ही गाडी १९५० च्या दशकात आली आणि १९६० च्या दशकात बंद झाली. मात्र १९४७ पासून मुंबईत विलिज जीप जोडणाऱ्या महिंद्राने तिचा भारतीय अवतार पुढेही चालू ठेवला.

आजोबांनी या गाडीतून तीस-बत्तीस वर्षं आंब्याच्या पेट्या नेल्या. बाबांच्या लग्नाचं वऱ्हाडसुद्धा हिच्या हौद्यात बसून गेलं म्हणे! २००४ मध्ये आजोबांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं, गाडी खळ्याच्या कडेला माडाखाली उभी राहिली आणि त्यांनी तिच्यावर ताडपत्री घातली. दर दोन-तीन वर्षांनी ताडपत्री फाटायची, आजोबा नवीन आणायचे. माझा जन्म त्यानंतरचा. माझ्यासाठी ती गाडी नव्हतीच, एक निळा डोंगर होता. आम्ही लपाछपीत त्याच्यामागे लपायचो.

पहिल्या वर्षाच्या हिवाळी सुट्टीत मी इंजिनिअर झाल्याच्या थाटात ताडपत्री काढली आणि जाहीर केलं, "आजोबा, मी ही चालू करणार." आजोबा हसले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. फक्त घरात जाऊन किल्ली घेऊन आले. वीस वर्षं ती देवघराच्या खुंटीवर होती.

माझा पहिला पराक्रम

सुरुवात अर्थातच चुकीची झाली. चुकांतून शिकतात म्हणतात, म्हणून तीच आधी सांगते.

ड्रायव्हरच्या बाजूचा दरवाजा खालून गंजलेला होता. मी पॉलिश पेपर घासला, वरवरचा लाल भुगा काढला, भोकांवर फायबरची जाळी लावून लांबी भरली, घासून गुळगुळीत केली आणि स्प्रेच्या डब्याने रंग मारला. लांबून दरवाजा नवा दिसत होता. फोटो काढले, हॉस्टेलच्या ग्रुपवर टाकले, वाहवा मिळवली.

मग पावसाळा आला. गणपतीला घरी गेले तर दरवाज्यावर फोड आले होते. नखाने एक फोड दाबला, तर लांबीचा हाताएवढा पापुद्रा निघून माझ्या पायावर पडला. आतला पत्रा आधीपेक्षा जास्त खलास झाला होता!

बाबांनी तेव्हाच निर्णय दिला. खळ्याच्या त्या कोपऱ्यात त्यांना पाहुण्यांसाठी खोली बांधायची होती. "पुढच्या मृगाच्या आधी ही गाडी स्वतःच्या चाकांवर चालत मांगरात गेली तर राहील. नाही गेली तर भंगारवाल्याला बोलावतो." भंगारवाला आधीच येऊन किलोचा भाव सांगून गेला होता. आजोबा काहीच बोलले नाहीत. ते नुसते उठून माडाच्या बुंध्याशी जाऊन उभे राहिले. मृग म्हणजे ७ जून. माझ्या हातात एक हिवाळी सुट्टी आणि परीक्षेनंतरचे थोडे दिवस होते.

गंज म्हणजे नक्की काय?

कॉलेजला परत आल्यावर मी वर्कशॉपच्या सरांना पापुद्रा दाखवला. सर म्हणाले, "पहिल्या वर्षाला केमिस्ट्रीत करोजन होतं की नाही?" होतं. पाच मार्कांना होतं. पाठ करून लिहिलं होतं आणि विसरून गेले होते. आता पुन्हा वाचलं, आणि या वेळी कळलं.

गंज हा लोखंडावर बसणारा मळ नाही. ती एक छोटी बॅटरी आहे. एका जागी लोखंडाचे अणू इलेक्ट्रॉन सोडून पाण्यात विरघळतात. ती जागा अॅनोड. ते इलेक्ट्रॉन पत्र्यातूनच दुसऱ्या जागी जातात, तिथे हवेतला ऑक्सिजन आणि पाणी त्यांना घेऊन हायड्रॉक्सिल आयन बनवतात. ती जागा कॅथोड. मधलं पाणी सर्किट पूर्ण करतं. पाण्यात मीठ असेल तर वीज आणखी सहज वाहते. आमच्या गावात समुद्राची खारी हवा फुकट मिळते, त्यामुळे बॅटरी जोरात!

आता गंमतीचा भाग. अॅनोड कुठे होतो? आपल्याला वाटतं, जिथे जास्त हवा तिथे जास्त गंज. प्रत्यक्षात उलटं. ऑक्सिजन भरपूर असलेली जागा कॅथोड होते, आणि जिथे ऑक्सिजन पोचत नाही ती अॅनोड. म्हणजे पत्रा खाल्ला जातो तो चिखलाखाली, जोडांच्या फटीत, आणि हो, लांबीच्या खाली. याला डिफरन्शियल एरेशन म्हणतात. मिठाच्या पाण्याचा एक थेंब लोखंडाच्या पट्टीवर ठेवून बघा. थेंबाच्या कडेला हवा जास्त, मध्यभागी कमी. खड्डा मध्यभागी पडतो.

म्हणजे मी दरवाज्यावर गंज थांबवला नव्हता. त्याला झाकण घालून दिलं होतं. शिवाय गंजाला मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून जास्त जागा लागते. तो आतून फुगतो आणि वरचा रंग ढकलतो. म्हणून फोड.

आणि मग ताडपत्रीचा विचार आला. जमिनीपर्यंत घट्ट बांधलेली प्लॅस्टिकची ताडपत्री. खालून जमिनीची ओल वर येते, रात्री थंड पत्र्यावर तिचं पाणी होतं, आणि वारा नसल्यामुळे ते सुकत नाही. उघड्यावर उभी गाडी भिजते, पण ऊन पडलं की सुकते तरी. आमची गाडी वीस वर्षं सुकलीच नव्हती.

हे मी आजोबांना सांगावं की नाही, यावर बराच विचार केला. शेवटी सांगितलं, कारण पुढे गाडी ठेवणार तेच होते. ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "माका वाटला, मी तिका सांभाळतंय." यावर काय बोलायचं ते मला आजही माहीत नाही.

आधी तपासणी

जुनी गाडी हातात आली की पहिलं हत्यार पान्हा नाही, छोटी हातोडी आणि जुना स्क्रूड्रायव्हर. गाडीखाली झोपा (खाली झोपण्याचे नियम पुढे आहेत) आणि सगळीकडे ठोकत जा. चांगला पत्रा "टण्ण" वाजतो, कुजलेला "थप्प". जिथे थप्प वाजेल तिथे स्क्रूड्रायव्हर दाबा. आत गेला तर तो पत्रा नाही, रंगाचा पापुद्रा आहे.

सगळ्यात महत्त्वाची चासी. पिकअपची चासी शिडीसारखी असते, दोन लांब बीम आणि मधे आडव्या पट्ट्या. दरवाजे, हौदा, फाळका, केबिनचा तळ हे सगळं कापून नवीन लावता येतं. पण बीमच जर स्प्रिंगच्या शॅकलपाशी किंवा स्टिअरिंग बॉक्सपाशी कुजले असतील, तर हात जोडा आणि अनुभवी माणसाला दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नका. आमचं नशीब असं की तीस वर्षांच्या इंजिन ऑइलच्या गळतीने पुढची चासी चोपडी राहिली होती. तिथे गंजच नव्हता! मागच्या एका आडव्या पट्टीचं काम करावं लागलं.

दरवाज्यांच्या आत, तळाशी, पाणी जाण्यासाठी बारीक भोकं असतात. आमच्या दरवाज्यातली भोकं बुजलेली होती. कशाने? भाताच्या पेंढ्याने. आंब्याच्या पेट्यांत पेंढा घालतात, तो तीस वर्षं उडून दरवाज्यात साठला होता. हौद्याच्या कोपऱ्यांतही तेच. ओला पेंढा आणि पत्रा, म्हणजे पुन्हा तीच बॅटरी. त्यामुळे नियम नंबर एक : कुठलंही काम सुरू करण्याआधी पाण्याच्या सगळ्या वाटा मोकळ्या करा.

खोलणं

खोलणं सोपं, जोडणं अवघड. म्हणून खोलतानाच जोडायची तयारी करायची. प्रत्येक भाग काढण्याआधी मोबाइलने तीन बाजूंनी फोटो. प्रत्येक ठिकाणचे नटबोल्ट वेगळ्या पिशवीत, पिशवीत पुठ्ठ्याचा तुकडा आणि त्यावर पेन्सिलीने नाव. पेन्सिल अशासाठी की तेल लागलं तर बॉलपेनची शाई फिसकटते. वायरिंग काढताना दोन्ही टोकांना एकच नंबर.

गंजलेला नट पाहिला की लोक आधी जोर लावतात आणि बोल्ट तोडतात. आमच्या मिस्त्रींचा नियम : आज तेल, उद्या पान्हा. गंजतेल मारा, हलकेच ठोका, रात्रभर ठेवा. सकाळी आधी घट्ट करायच्या दिशेने थोडं हलवा, मग सोडा. तरी नाही निघाला तर नट गरम करा. नट प्रसरण पावतो, त्याचं भोकही मोठं होतं, आणि गंजाचा जोड तुटतो. पण पेट्रोलची नळी, टाकी, ब्रेकचा पाइप किंवा रबर जवळ असेल तर आग लांबच!

दोन गोष्टी तब्येतीच्या. जुन्या ब्रेक लायनिंगमध्ये आणि क्लच प्लेटमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतो. ती धूळ फुंकायची नाही, हवेने उडवायची नाही, ओल्या फडक्याने पुसायची. जुन्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून पाणी लावून घासायचं आणि तोंडाला चांगला मास्क, नुसता रुमाल नाही.

आणि गाडीखाली जायचं तर जॅकच्या भरवशावर कधीही नाही. जॅक उचलण्यासाठी, घोडी पेलण्यासाठी. दोन घोड्या, कडक जमिनीवर, वर चाकांना उटी. आमचं खळं मातीचं, म्हणून घोड्यांखाली आम्ही जाड फळ्या घातल्या. चिरे किंवा विटा रचून त्यावर गाडी ठेवू नका. वजन आलं की ते एका क्षणात फुटू शकतात.

गंज काढायच्या तीन पद्धती

पहिली पद्धत घासण्याची. तारेचा ब्रश, ग्राइंडरला लावायची तारेची वाटी. मोठ्या, सपाट, जाड भागांना ठीक. डोळ्यांना गॉगल हवाच, कारण ब्रशच्या तारा सुटून बंदुकीच्या गोळीसारख्या उडतात. पातळ पत्र्यावर ग्राइंडर जास्त वेळ फिरवला तर पत्रा तापून वाकडा होतो.

दुसरी रसायनाची. बाजारात रस्ट कन्व्हर्टर मिळतात. त्यात बहुधा फॉस्फरिक अॅसिड किंवा टॅनिक अॅसिड असतं. फॉस्फरिकमुळे गंजाचं आयर्न फॉस्फेट होतं, टॅनिकमुळे काळं आयर्न टॅनेट. हे दुसरं आपल्या पणज्यांना माहीत होतं. हिरडा आणि हिराकस एकत्र आले की काळा रंग होतो, त्यात हिरड्यातलं टॅनिनच लोखंडाला धरतं. मात्र कन्व्हर्टर पातळ थरापुरताच चालतो. जाड, सुटलेल्या खपल्यांवर मारला तर वरचा थर काळा होतो आणि खाली बॅटरी चालूच.

तिसरी माझी आवडती : इलेक्ट्रोलिसिस. म्हणजे गंजाची बॅटरी उलटी फिरवायची! प्लॅस्टिकचा ड्रम घ्या, पाणी भरा, चार लिटरला साधारण एक मोठा चमचा धुण्याचा सोडा. गंजलेला भाग बारा व्होल्टच्या बॅटरी चार्जरच्या ऋण टोकाला जोडा. धन टोकाला साध्या लोखंडाचे तुकडे, भागाभोवती पण त्याला न चिकटता. चार्जर चालू केला की भागावर बुडबुडे येतात, गंज सैल होतो, काही गंजाचा काळा ऑक्साइड होतो, आणि दुसऱ्या दिवशी तो साध्या ब्रशने निघतो. चांगल्या लोखंडाला धक्का लागत नाही, आणि अॅसिडने करपलेला हातही नाही. बिजागऱ्या, कड्या, फाळक्याच्या साखळ्या आणि दिव्यांच्या रिंगा आम्ही अशाच साफ केल्या.

यात चार सावधगिऱ्या आहेत. एक, ते बुडबुडे हायड्रोजनचे असतात, म्हणून उघड्यावर करायचं आणि जवळ विडीसुद्धा नको. (आजोबांना हे पटवायला दोन दिवस गेले.) दोन, धन टोकाला स्टेनलेस स्टील वापरायचं नाही, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरू शकतं. गॅल्व्हनाइज्ड पण नको. तीन, हात घालण्याआधी चार्जरचा प्लग काढायचा. चार, स्प्रिंगा आणि जास्त ताकदीचे बोल्ट यात टाकायचे नाहीत, कारण हायड्रोजन पोलादात शिरून त्याला ठिसूळ करतो. ब्रेक किंवा स्टिअरिंगचे बोल्ट गंजले असतील तर सरळ नवीन घ्या.

बाहेर काढलेला भाग लगेच धुवून, सुकवून प्रायमर मारा. आमच्याकडे संध्याकाळी काढलेली कडी सकाळपर्यंत पुन्हा तांबूस झाली होती!

पत्रा आणि वेल्डिंग

कुजलेल्या पत्र्यावर दुसरा पत्रा चिकटवायचा नाही. दोन पत्र्यांमध्ये फट राहते आणि फटीत काय होतं ते आता तुम्हाला पाठ झालं असेल. चांगला पत्रा लागेपर्यंत कापत जायचं, पुठ्ठ्याचा नमुना बनवायचा, तेवढ्याच जाडीचा नवा पत्रा कापून कडेला कड लावून वेल्ड करायचा.

वेल्डिंग मी केलं नाही. वर्कशॉपमध्ये दोन जॉब केलेत म्हणून केबिनला हात लावण्याची हिंमत नव्हती. ते मिस्त्रींनी जानेवारी ते मार्चमध्ये केलं, आणि मी इथून व्हिडिओ कॉलवर शंका विचारून त्यांचं डोकं खाल्लं. पण बघून जे शिकले ते असं. पातळ पत्रा एका दमात वेल्ड केला तर उष्णतेने लाटा पडतात. म्हणून आधी लांब लांब टाके, एक इथे, दुसरा विरुद्ध टोकाला, मधे थंड होऊ द्यायचं, मग टाक्यांच्या मधे टाके. आई गोधडीला आधी कच्चे दोरे घालते ना, तसंच.

वेल्डिंगच्या आधी बॅटरी काढायची, पेट्रोलची टाकी काढून लांब ठेवायची. आणि जुनी पेट्रोल टाकी स्वतः कधीच वेल्ड करायची नाही. रिकामी दिसली तरी तिच्यात वाफ असते, आणि रिकामी टाकी भरलेल्यापेक्षा जास्त धोक्याची. आमची टाकी आतून पार गेली होती, आम्ही नवी बनवून घेतली.

आधी थांबायला शिकवा

वर्कशॉपच्या सरांचं वाक्य : गाडीला आधी थांबायला शिकवा, मग पळायला. सगळे आधी इंजिनच्या मागे लागतात. इंजिन चालू झालं की राहवत नाही, आणि ब्रेक नसलेली गाडी माणूस "जरा हलवून बघतो".

या काळातल्या गाड्यांना चारही चाकांना ड्रम ब्रेक आणि बहुतेक वेळा एकच सर्किट असतं. म्हणजे एका चाकाचा सिलिंडर गळला की चारही चाकांचे ब्रेक गेले. त्यामुळे इथे अर्धवट काम चालत नाही. आम्ही मास्टर सिलिंडर बदलला, चारही व्हील सिलिंडर, सगळे रबरी होज आणि सगळे लोखंडी पाइप बदलले. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषून घेतं, म्हणून वीस वर्षांत पाइप आतूनही गंजतात. वरून चांगला दिसणारा एक पाइप मी हाताने वाकवला, तो बिस्किटासारखा तुटला.

ब्रेकचे रबर पेट्रोल-डिझेलने धुवायचे नाहीत, ते फुगतात. ब्रेक ऑइलनेच पुसायचे. हवा काढताना साधारणपणे मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात करायची. पेडल दगडासारखं लागलं पाहिजे. स्पंज लागला तर अजून हवा आहे.

इंजिन

या इंजिनचं नाव हरिकेन. चार सिलिंडर, १३४ घनइंच, म्हणजे सुमारे २.२ लिटर. रचना मजेशीर आहे : इनटेक व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह खाली ब्लॉकमध्ये. याला एफ-हेड म्हणतात. पुस्तकात एक ओळ असते, इथे दोन्ही डोळ्यांनी बघायला मिळतं.

वीस वर्षं बंद इंजिनला थेट स्टार्टर मारायचा नाही. रिंगा सिलिंडरला चिकटलेल्या असतात, त्या तुटतात. आम्ही प्लग काढले, प्रत्येक सिलिंडरमध्ये डिझेल आणि गिअरबॉक्सच्या एटीएफचं अर्धं-अर्धं मिश्रण ओतलं आणि आठवडाभर विसरून गेलो. मग क्रँक पुलीच्या नटावर लांब पान्हा लावून मागे-पुढे हलकेच. तीन दिवस काहीच नाही. चौथ्या दिवशी केसभर हलला. काकांनी तर पेढे आणायची भाषा केली!

इंजिन फिरायला लागल्यावर ऑइल आणि फिल्टर बदलले, मग कॉम्प्रेशन टेस्ट. चार सिलिंडरांच्या आकड्यांत फार फरक नको. आमचा तिसरा कमी. अशा वेळी प्लगच्या भोकातून थोडं ऑइल टाकून पुन्हा मोजायचं. आकडा वाढला तर रिंगा गेल्या, नाही वाढला तर व्हॉल्व्ह. आमचा वाढला नाही. ब्लॉकच्या बाजूचं झाकण उघडलं, तर तिसऱ्याचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह गाइडमध्ये अर्धवट उघडा अडकलेला. तो सोडवला, पेस्ट लावून घासून सीटवर बसवला.

मग तीन गोष्टी लागतात : पेट्रोल, हवा आणि योग्य वेळी ठिणगी. पॉइंट घासून गॅप लावला, नवा कंडेन्सर, नवे प्लग. फायरिंग ऑर्डर १-३-४-२. मी पहिल्यांदा वायरी १-२-३-४ लावल्या आणि सायलेन्सरमधून असा बार निघाला की शेजारच्यांची म्हैस दावं तोडून पळाली. वायवाला हा प्रश्न आला तर मी आता जन्मात चुकणार नाही.

आजच्या पेट्रोलबद्दल दोन गोष्टी. भारतात २००० सालापासून शिसंमुक्त पेट्रोल आहे. जुन्या इंजिनांत ते शिसं एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीटची झीज कमी करायचं. म्हणून हेड किंवा ब्लॉक मशीन शॉपला गेलाच, तर सीटा कडक धातूच्या आहेत का ते बघायला सांगा. दुसरं इथेनॉल. २०२५ मध्ये आपण पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉलपर्यंत पोचलो. त्यात जुने रबरी पाइप आणि पंपाचे पडदे खराब होतात, पाणीही शोषलं जातं, आणि जुन्या कार्बोरेटरचं मिश्रण पातळ पडतं. इथेनॉल चालणारे पाइप लावा, आणि गाडी महिनोन्महिने उभी राहणार असेल तर टाकीत पेट्रोल ठेवू नका.

रंग

रंग सगळ्यात शेवटी, आणि रंगात रंग सगळ्यात कमी महत्त्वाचा. खरं काम प्रायमरचं. उघड्या पत्र्यावर आधी इपॉक्सी प्रायमर, कारण तो पाणी आत जाऊ देत नाही. नेहमीचा करडा सरफेसर घासायला छान, पण तो सच्छिद्र असतो. नुसता सरफेसर मारून गाडी पावसात ठेवली तर खालून गंजते. लांबी लावायचीच असेल तर खड्ड्यांपुरती, पातळ, आणि भोकं बुजवण्यासाठी कधीही नाही. (माझा दरवाजा आठवा.) दरवाज्यांच्या आतल्या बाजूला रंग पोचत नाही, तिथे मेणासारखं कॅव्हिटी वॅक्स. फक्त पाण्याची भोकं पुन्हा बुजवू नका!

डॅशबोर्डच्या मागे मूळ रंग सापडला, फिकट हिरवा. आजोबा म्हणाले तोच. सध्या फक्त केबिनला लागलाय. हौदा अजून प्रायमरमध्ये आहे.

कागदपत्रं

हे काम पहिल्या दिवशी करा, शेवटच्या नाही. आरसी बुक, चासी नंबर आणि इंजिन नंबर जुळतात का ते बघा. घासताना चासीवरचा नंबर पुसला जाणार नाही याची काळजी घ्या. २०२१ मध्ये केंद्र सरकारने व्हिंटेज वाहनांचे नियम आणले : पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपात ठेवलेली, धंद्यासाठी न वापरलेली दुचाकी-चारचाकी वाहनं त्यात येऊ शकतात, नंबर प्लेटवर व्हीए अक्षरं असतात, आणि अशी गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. "मूळ रूपात" हे शब्द लक्षात ठेवा. नवं डिझेल इंजिन टाकून, हौदा कापून "मॉडिफाय" केलं की ही वाट बंद होऊ शकते. आमची गाडी मालवाहू म्हणून नोंदलेली, त्यामुळे काका आधी आरटीओकडून लेखी उत्तर मिळवतायत. तोपर्यंत ती आमच्याच बागेच्या आत फिरते, रस्त्यावर नाही.

५ जून

परीक्षा संपवून मी मेच्या शेवटी घरी पोचले. ब्रेक झाले होते, इंजिन बाकी होतं. वर सांगितलेला म्हशीचा प्रसंग २ जूनचा. ४ तारखेला वळवाचा पाऊस झाला आणि बाबांनी काहीही न बोलता भंगारवाल्याचा नंबर फ्रिजवर लावला.

५ तारखेला सकाळी गाडी चालू झाली. धूर इतका की मांगर दिसेना. मी आजोबांना म्हटलं, "तुम्ही चालवा." ते म्हणाले, नजर नाही. मग ते शेजारच्या सीटवर बसले, मधे इंजिनचं झाकण, त्याच्या पलीकडे मी. खळ्यापासून मांगरापर्यंत अंतर असेल चाळीस पावलं, मधे थोडा उतार. पहिला गिअर, क्लच सोडला, गाडी हलली. उतारावर मी ब्रेक दाबला आणि ती थांबली. आजोबांनी तेव्हा पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. "बरोबर," एवढंच म्हणाले.

मांगरात गेल्यावर मी सवयीने ताडपत्री शोधायला लागले. आजोबांनीच अडवलं. मांगराची एक भिंत अर्धी उघडी आहे, तिथून वारा येतो. चाकांखाली फळ्या, दरवाज्याच्या काचा दोन बोटं खाली, आणि वर काहीच नाही. पंधरा दिवसांनी एकदा इंजिन चालू करून चांगलं तापू द्यायचं, हे काम त्यांनी स्वतःकडे घेतलंय. फोन केला की आधी गाडीची तब्येत सांगतात, मग माझी विचारतात.

तर मंडळी, सुट्टीत घरी गेलात की मागच्या अंगणात बघा. काही ना काही झाकून ठेवलेलं असेलच : स्कूटर, पंप, शिवणयंत्र. आधी झाकण काढा आणि हवा लागू द्या. पुढचं पाच मार्कांच्या प्रश्नात दिलेलंच आहे.